भाऊजींच्या फ्रीजरमधले टायर

माझ्या भाऊजींच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी टायरचे तुकडे असतात. तळहातावर मावतील एवढे दोन तुकडे, दोन वेगळ्या डब्यांत. एका झाकणावर 'उन्हाळी' लिहिलं आहे, दुसऱ्यावर 'हिवाळी'. सिंगापुरात, पासिर रिसच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आलेल्या पाहुण्याचं पाणी पिऊन होतं न होतं तोच ते उठून आत जातात आणि फ्रीजरचं दार उघडल्याचा आवाज येतो. पाहुण्याला वाटतं, आइस्क्रीम येतंय. त्याच्या हातात गारठलेलं रबर ठेवलं जातं.

"दाबा," भाऊजी म्हणतात.

पाहुणा दाबतो.

"दगड आहे की नाही? आता हा दाबा. कालच्या पोळीसारखा वाकते. आता सांगा, सक्ती पाहिजे की नाही?"

कशाची सक्ती, हे पाहुण्याला अजून कळलेलं नसतं. बाहेर एकतीस अंश असतात. खालच्या कारपार्कमधल्या एकाही गाडीनं जन्मात बर्फ पाहिलेला नसतो. त्या खोलीत बसून भाऊजी तासभर सिद्ध करतात, की हिवाळ्यात प्रत्येक गाडीला हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे हवेत, आणि ज्याला हे पटत नाही तो माणसाच्या जिवावर उठलेला आहे.

भाऊजी म्हणजे मधुकर गजभिये, मूळचे नागपूरचे. आयुष्यभर रबराचं काम केलं. शेवटची बरीच वर्षं इथल्या एका कारखान्यात, जहाजांच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवण्यात गेली. माणसं ते दोन प्रकारची मानतात, रबर कळणारी आणि न कळणारी. मी दुसऱ्या प्रकारातला. हार्बरफ्रंटला एका कंपनीत जहाजांची कागदपत्रं तपासतो आणि उरलेल्या वेळात वाचतो. म्हणून मी त्यांचा 'पुस्तकी साळा'. माझ्या बहिणीला, शीलाताईलाही रबर कळत नसे. लग्न झाल्यापासून ते नमुने घरी आणत आणि ती ते कपाटामागे टाकत असे.

ताई गेली त्याला वर्ष झालं. कॅनडात, मुलीकडे गेली होती. प्रज्ञा तिला विमानतळावर घ्यायला आली. त्या मोसमातला पहिलाच बर्फ पडत होता. गाडीचे टायर उन्हाळी होते. घराच्या अलीकडच्या उतारावर गाडी घसरली. प्रज्ञाचा हात मोडला. ताई राहिली नाही.

प्रज्ञा जिथे राहते त्या प्रांतात हिवाळी टायर ऐच्छिक आहेत. तिच्या शहराला लागून नदी आहे. नदीपलीकडे दुसरा प्रांत सुरू होतो, आणि तिथे ते सक्तीचे आहेत.

'ऐच्छिक' हा शब्द तेव्हापासून भाऊजींच्या घरात शिवी झाला. "पूल ओलांडला की सक्ती, अलीकडे मर्जी," ते म्हणतात. "बर्फाले काय नकाशा वाचता येते?" एरवी ते माझ्यासारखंच बोलतात, पण राग आला की थेट नागपूरच्या इतवारीत जाऊन पोचतात. गेलं वर्षभर ते बहुतेक इतवारीतच राहत होते.

सिंगापूरवर मात्र त्यांचं नव्यानं प्रेम बसलं आहे. इथे सगळं सक्तीचं, म्हणून. हॉकर सेंटरमध्ये जेवून झालं की उष्टा ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, नाहीतर दंड. हा नियम आला तेव्हा याच माणसानं घरात सत्याग्रह केला होता. आता ते ट्रे दोन्ही हातांत धरून मिरवणुकीत चालल्यासारखे चालतात आणि रॅकपाशी उभे राहून मला ऐकवतात, "पाहा साळेबुवा. इथे नूडलच्या वाटीची काळजी सरकारले आहे. तिथे माणसाची नाही." च्युइंगगमच्या बंदीबद्दल त्यांचं म्हणणं असं, की रबर कुठे चिकटावं आणि कुठे चिकटू नये, हे या एकाच सरकारला नीट समजलं आहे.

टॅक्सीत बसले की पट्टा लावायच्या आधी ते टायर विचारतात. एकदा एक म्हातारा चिनी चालक आरशातून त्यांच्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "अंकल, हिअर गॉट नो विंटर, लाह."

"नॉट टुडे," भाऊजी म्हणाले.

उतरताना मी चालकाला सॉरी म्हणालो. त्या वर्षात मी किती जणांना सॉरी म्हणालो त्याला गणती नाही. पुलाउ उबीन बेटावर गेलो तर भाड्याच्या सायकलींच्या रांगेपुढे बसून ते एकेक टायर अंगठ्यानं दाबत राहिले. सायकलवाली बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. आमच्या मागे बोटीतून उतरलेली माणसं खोळंबली होती. कारपार्कमध्ये एका अनोळखी गाडीच्या चाकाशी उकिडवे बसलेले सापडले तेव्हा गाडीचा मालक पोलिसांना बोलवायला निघाला होता. मी धावत पोचलो. भाऊजी त्याला समजावत होते, की चोरी करायची असती तर हे टायर चोरण्याच्या लायकीचे नाहीत.

मला त्यांचा फार राग येत असे. आज लिहितानाही तो पुरता गेलेला नाही. माझी बहीण गेली होती आणि या माणसाच्या तोंडी फक्त टायर. वर्षभरात त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. रडताना दिसले नाहीत. मी तिच्याबद्दल काही बोलू लागलो की ते उठत, फ्रीजर उघडत, आणि मी हातात गार रबर घेऊन बसलेलो असे.

रविवारी प्रज्ञाचा फोन येई. अपघातानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता, बसनं कामावर जात होती. इथेच वाढलेली मुलगी, पण वर्षभरात घरी आली नव्हती. बापलेकीचं बोलणं मी समोर बसून ऐकायचो.

"बसले टायर कोणते?"

"बाबा, मला कसं माहीत असणार?"

"उतरून पाहायचं. बाजूवर डोंगराचं चित्र असते, त्यात बर्फाचा कण. तो नसला तर बसायचं नाही."

"बस निघून जाईल ना."

"जाऊ दे. दुसरी येते."

मग ती म्हणे, "ओके बाबा, बाय." एवढ्या मोठ्या दुःखातून दोन माणसांनी हेच काय ते बाहेर काढलं होतं, आणि मला वाटे, हा माणूस मुलीला दर रविवारी त्या उतारावर परत नेऊन उभी करतो आहे. एकदा मी तसं बोललोही. "तिला सारखी टायरची आठवण देऊ नका, भाऊजी. तिला वाटेल, तुम्ही तिलाच दोष देताय."

त्यावर ते म्हणाले, "मी तिले बसबद्दल विचारून राहिलो."

वर्षश्राद्ध आम्हा बौद्धांकडे नसतं. पुण्यानुमोदन असतं. भन्ते येतात, त्रिशरण-पंचशील होतं, माणसं पांढऱ्या कपड्यांत बसतात, गेलेल्याच्या नावानं दान देतात, मग जेवण. बहुधा एखाद्या शाळेला पुस्तकं द्यायची पद्धत. ताई पुस्तकांची माणूस होती, पुस्तकं मी निवडूनही ठेवली होती. प्रज्ञा आदल्या दिवशी आली. विमानतळावर बापानं तिची बॅग घेतली आणि परतीच्या एमआरटी मेट्रोत दोघं शेजारी बसून सगळा वेळ समोरच्या खिडकीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी फ्लॅटचा हॉल भरला. वंदना झाली. भाऊजी दानाची घोषणा करायला उभे राहिले. मी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

"ज्या कोणाचं लेकरू बर्फाच्या देशात गाडी चालवते," ते म्हणाले, "त्यानं मले सांगावं. चार हिवाळी टायर माझ्याकडून. दरवर्षी एकाले. पुस्तकं हा माझा साळा देईल."

भन्तेंनी डोळे मिटले. मागे कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं. माझे कान तापले. माझ्या बहिणीच्या फोटोसमोर, मेणबत्त्या जळत असताना, टायर.

जेवणं सुरू झाल्यावर जोगळेकरांनी तोंड उघडलं. हे पुण्याचे, आयटीतले मॅनेजर, टॅम्पिनीसला राहतात. माणूस वाईट नाही, पण कुठलाही प्रश्न त्यांना मीटिंगमधला वाटतो. वरणभात कालवत म्हणाले, "गजभियेसाहेब, भावना समजू शकतो. पण किती गोष्टींची सक्ती करणार सरकार? शेवटी पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटी नावाची काही गोष्ट आहे. पहिला बर्फ कधी पडणार ते चालवणाऱ्याला कळायला नको?"

प्रज्ञा त्यांच्या मागेच कोशिंबिरीचं भांडं घेऊन उभी होती.

मला त्या क्षणी जोगळेकरांच्या ताटात ते भांडं उपडं करावंसं वाटलं. इतका संताप मला त्याआधी एकदाच आला होता, दवाखान्यातून फोन आला त्या दिवशी, आणि तेव्हा समोर कुणीच नव्हतं. मी उठलोही. पण भाऊजींनी हात वर केला. आवाज चढवला नाही. इतवारी कुठल्या कुठे गेली होती, ते अगदी सावकाश बोलले.

"चालवणारीला कळलं होतं, जोगळेकर. तिनं मला फोन केला होता. बाबा, टायर बदलून घेऊ का, म्हणाली. मीच नको म्हटलं. म्हटलं, दिवसा अजून नऊ-दहा अंश आहेत तुमच्याकडे. सातच्या खाली जाईपर्यंत थांब, हिवाळी रबर गरम रस्त्यावर झिजतं. मी रबराचा माणूस ना. माझं ऐकून ती थांबली."

भाऊजींनी वरणाचं भांडं जोगळेकरांपुढे सरकवलं.

"सक्ती असती तर तारीख असती. तारखेला टायर बदलले असते. मला कुणी विचारलंच नसतं. तुम्हाला वाटतं, कायदा मूर्खांसाठी लागतो. नाही. तो माझ्यासारख्या हुशार माणसांसाठी लागतो." मग ते जोगळेकरांच्या ताटाकडे बघून म्हणाले, "भात घ्या अजून. वरण आहे."

जोगळेकरांनी भात घेतला. दुसरं काय करणार होते? थोड्या वेळानं ते खाली मान घालून हळूच म्हणाले, "माझा पुतण्या आहे नॉर्वेत."

"नंबर द्या त्याचा," भाऊजी म्हणाले. "तिथे काय नियम आहे ते पाहतो."

दुपारी माणसं पांगली. मी स्वयंपाकघरात उरलेलं काढून ठेवत होतो. प्रज्ञा ओट्याला टेकून उभी होती. अपघातात मोडलेला हात तिनं दुसऱ्या हातात धरला होता, तशी तिला आता सवयच लागली आहे.

"मामा," ती म्हणाली, "मी बाबांना फोन केलाच नव्हता."

मी डब्याचं झाकण लावायचा थांबलो.

"आय नेव्हर आस्क्ड हिम. टायरचा विचारच आला नाही डोक्यात. आईची फ्लाइट लँड झाली होती आणि मला उशीर होत होता, एवढंच होतं. बाबांनी ते सगळं आत्ता, तिथे उभं राहून बनवलं."

"ठाऊक होतं तुला ते असं बोलणार आहेत?"

"नाही ना. कसं ठाऊक असणार?" ती बाहेर बघत होती. हॉलमध्ये भाऊजी खुर्च्यांच्या घड्या घालत होते आणि एका खुर्चीच्या पायाची रबरी टोपी निसटली म्हणून तिच्यावर चिडत होते. "आता सगळे त्यांनाच बोलतील. घरी जाताना एमआरटीत हेच बोलत असतील."

वर्षभर मी ज्या माणसाच्या वतीनं जगाची माफी मागत हिंडलो, तो त्या अख्ख्या प्रांतावर, तिथल्या सरकारवर, टॅक्सीवाल्यांवर, पाहुण्यांवर, दिसेल त्याच्यावर तोफ डागत होता. एकच दिशा, प्रज्ञाची, त्यानं मोकळी ठेवली होती, आणि ते आज कुणाच्या तरी लक्षात येणार असं दिसताच स्वतः जाऊन तिथे उभा राहिला होता.

कोशिंबीर ठेवायला म्हणून प्रज्ञानं फ्रीज उघडला, मग वरचा फ्रीजरही. ते दोन डबे तिनं पाहिले. फोनवर त्यांच्याबद्दल ऐकलं होतं, पाहिले पहिल्यांदाच. तिनं दोन्ही तुकडे काढले आणि एकेका मुठीत धरून बुटक्या स्टुलावर बसली. मी भांडी विसळू लागलो. पुष्कळ वेळ झाला. मी मागे वळून पाहिलं नाही.

भाऊजी आत आले ते ओरडतच. "काहून ते दार उघडं ठेवलं? मटार पाणी होऊन राहिले." दार त्यांनी लावलं. मग त्यांना तिच्या मुठी दिसल्या.

"दाबलं?"

"हो."

"ओळख मग. हिवाळी कोणता?"

तिनं मुठी उघडल्या. तुकड्यांवर घामासारखं पाणी आलं होतं. एक दाबला, दुसरा दाबला, पुन्हा पहिला.

"दोन्ही सारखेच लागतायत, बाबा."

भाऊजींनी ते तिच्या तळहातावरून उचलले आणि अंगठ्याखाली धरले. बराच वेळ धरून ठेवले. मग तिच्या शेजारी, जमिनीवरच, गुडघ्यांत वाकून हळूहळू बसले.

"शीलालाही नव्हता कळत फरक," ते म्हणाले. "मी दाखवायला लागलो की म्हणायची, मधू, दोन्ही काळेच तर आहेत."