भरल्या हंड्यांची सोसायटी

पांडेसऱ्यातल्या गिरणा सोसायटीत नदीच्या नावाखेरीज ओलं असं काहीच नव्हतं. खानदेशातून कापडमिलच्या कामाला आलेल्या पहिल्या चार घरांनी हौसेनं ते नाव ठेवलं आणि पुढे चाळीसही घरं त्या नावाखाली कोरडीच राहिली. बोअरचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजत नसे. गोडं पाणी मिळायचं ते रेल्वे फाटकापलीकडच्या नळावर, सकाळी सात ते साडेआठ, तेही रांगेत टिकून राहील त्यालाच.

त्या रांगेत मंगलाबाईंची गायत्री उभी असायची. बाप हिलाल डाइंग मिलमध्ये पहिल्या पाळीला आणि आई मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालायला, मग उरलं कोण? शाळाही नेमकी सकाळचीच. गुरुजींनी परवाच निरोप धाडला होता की हजेरी अशीच राहिली तर पोरीला सातवीच्या परीक्षेला बसवता येणार नाही. मुलगी हुशार होती आणि केवळ हंड्यापायी सातवीत अडकणार होती.

म्हणून विकास अनुदानाच्या कचेरीतून पत्र आलं तेव्हा सगळ्यात आधी मंगलाबाईच धावत गेल्या. पत्र वाचत होते बळीराम. ते मूळचे नांदेडकडचे, सोसायटीचे अर्ज लिहिणारे. दोन वर्षांत त्यांनी नळासाठी सतरा अर्ज लिहिले होते. पत्रात म्हटलं होतं की येत्या गुरुवारी कचेरीतले वशीसाहेब पाण्याची टंचाई प्रत्यक्ष पाहायला येतील आणि त्यांना टंचाई दिसली तर नळ मंजूर होईल.

"कुणी काही म्हणता काही करू नका," बळीरामांनी बजावलं. "जसं हाय तसं दिसू द्या साहेबाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मंगलाबाईंनी तर दोनदा डोलावली.

पण घरी आल्यावर त्यांचा जीव थाऱ्यावर राहीना. साहेब झाला तरी पाहुणाच. प्लेगच्या वर्षी पेपरात वस्तीचा फोटो आला होता, 'घाणीचं आगर' म्हणून, आणि तो गावाकडच्या सोयऱ्यांपर्यंत पोचला होता. त्यात पाहुण्याला दारात रिकामा हंडा दिसणं म्हणजे अपशकुन. शेवटी त्यांनी विचार केला, चाळीस घरं कोरडी असताना आपल्या एका घरानं काय होणार आहे? त्यांनी तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं लखलखीत घासली, आणि हिलालनं मिलमधून सायकलवर दोन कॅन गोडं पाणी आणलं.

गुरुवारी सकाळी दार उघडून पाहतात तर चाळीसही घरांपुढे लखलखीत हंडे काठोकाठ भरलेले. प्रत्येकीनं तोच विचार केला होता. गल्लीभर सडा, त्यावर रांगोळी. एवढा सडा घातला कुणी, याची चौकशी करता कळलं की बळीरामांनी. हातगाडीवर पिंप आणून त्यांनी अख्खी गल्ली शिंपली होती आणि कोपऱ्यावर वाळ्याचा माठही मांडला होता.

"धूळ लई उडत होती," ते कुणाच्या नजरेला नजर न देता म्हणाले.

वशीसाहेब आले ते रुमालानं नाक दाबून. दहा पावलांवर त्यांनी रुमाल खिशात घातला. पाय धुवायला बादलीभर पाणी पुढे आलं. ओट्यावर बसतात तोच डावी-उजवीकडून सात पेले आले. आयुष्यभर टंचाई पाहत हिंडलेला तो माणूस अगदी विरघळून गेला.

कोपऱ्यात गायत्री उभी होती. आज शाळेत का गेली नाहीस, असं साहेबांनी विचारलं. ती खरं सांगणार तोच शेजारच्या धुरपदाबाईंनी सोसायटीची लाज राखली. "तुमले देखाले थांबनी ती," म्हातारी म्हणाली. साहेबांना ते फारच गोड वाटलं.

आता मात्र मंगलाबाई पुढे झाल्या. रांग, शाळा, हजेरी, सगळं सांगायचं, अशी त्यांनी मनाशी तीनदा उजळणी केली होती. साहेबांनी पेला रिकामा केला आणि मिशा पुसत विचारलं, "बेन, पाणी तर एकदम सरस छे. कमी-बमी पडतं काय?"

पाहुण्याच्या हातात रिकामा पेला होता. मंगलाबाईंच्या सात पिढ्यांत अशा वेळी एकच उत्तर दिलं गेलं होतं.

"नाही साहेब, कमी कसं पडंल? आणखी घ्या ना."

शब्द तोंडातून गेले आणि त्यांना कळलं की आपण स्वतःच्या हातानं पोरीच्या नळावर बोळा फिरवला. पण तोवर साहेबांनी वहीत काहीतरी लिहून टोपण लावलं होतं.

महिन्याभरात निकाल आला. पाणी मुबलक, लोक आतिथ्यशील, अनुदानाची आवश्यकता नाही. सोबत 'आदर्श वस्ती' असं लिहिलेली निळी पाटी होती. मग सोसायटीत जे भांडण जुंपलं त्याला तोड नव्हती. प्रत्येकजण दुसऱ्याच्या हंड्याकडे बोट दाखवत होता, आणि सगळे मिळून बळीरामांच्या वाळ्याच्या माठाकडे. दुसऱ्या दिवशी गायत्री त्या नव्या पाटीखालून रिकामा हंडा घेऊन फाटकाकडे निघाली, तेव्हा मंगलाबाईंना पदरानं डोळे पुसावे लागले.

पंधरा दिवसांनी वशीसाहेब पाटीचा फोटो काढायला न कळवता आले. सडा नव्हता, हंडे पालथे होते आणि प्यायला मागितलं तर आलं बोअरचं. एक घोट घेऊन साहेबांनी पाटीकडे पाहिलं, मग पालथ्या हंड्यांकडे. त्यांचा अहवाल गांधीनगरला पोचला होता आणि तिकडून शाबासकीही आली होती. दुसऱ्या वस्त्यांच्या लोकांना ही आदर्श वस्ती दाखवायला आणावं, असा हुकूमही सुटला होता, आणि त्यासाठी वेगळं अनुदान मंजूर झालं होतं.

साहेब जाणते होते. लिहिलेलं खोटं ठरवण्यापेक्षा खरं करणं सोपं, हे त्यांना ठाऊक होतं. शिष्टमंडळ यायच्या आदल्या दुपारी टँकर येऊ लागला. पाहणी मंगळवारी आणि शुक्रवारी होई. त्या दोन सकाळी घरात पाणी असे आणि गायत्री शाळेत असे. नळासाठी सतरा अर्ज लिहून हात टेकलेल्या बळीरामांकडून मंगलाबाईंनी अठरावा लिहून घेतला: आमची वस्ती पाहण्यासारखी असल्यामुळे शिष्टमंडळं आठवड्यातून चारदा पाठवावीत. हा अर्ज आठ दिवसांत मंजूर झाला.

परीक्षेच्या तोंडावर गायत्रीची हजेरी अगदी काठाला येऊन टेकली. आणखी एक दिवस भरला की झालं, असं गुरुजी म्हणाले. त्या शेवटच्या दिवशी चलथाणकडची मंडळी वस्ती पाहायला आली. गायत्री शाळेत गेली होती. मंगलाबाईंना इतकं हलकं वाटत होतं की पाणी देताना त्या गुणगुणत होत्या.

पाहुण्यांत साखर कारखान्यामागच्या वस्तीतली अनुसया नावाची बाई होती, तीही खानदेशचीच. साहेब पुढे गेलेले पाहून तिनं मंगलाबाईंचा हात धरला. त्यांच्याकडेही नळ नव्हता, तिचीही मुलगी रांगेत उभी राहायची आणि पुढच्या सोमवारी हेच साहेब त्यांची टंचाई पाहायला येणार होते. हे पाणी मिळवायला तुम्ही काय केलं ते खरं खरं सांगा, असं तिनं विनवलं.

मंगलाबाईंना राहवलं नाही. इकडेतिकडे बघून त्या तिच्या कानाशी लागल्या. नळ पाहिजे असेल तर सोमवारी वस्तीत एकही हंडा भरू नका, सगळे पालथे ठेवा, आणि साहेबाला बोअरचं पाणी द्या, असं त्यांनी अगदी तळमळून सांगितलं.

अनुसयानं हात सोडला आणि त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"आवं माय," ती म्हणाली, "पाव्हना घर येई अन् त्याले रिता हंडा दाखाडाना? ते काय बरं दिसस का?"

अनुसयाच्या हातातला पेला रिकामा झालेला मंगलाबाईंना दिसला, आणि त्यांनी तांब्या पुढे केला.

"आखो ल्या ना," त्या म्हणाल्या.