पाटलीण आणि जाळीचं दार

"जधळ हाई गानं म्हनशी, तधळ दार उघडं ठेवजो. आयकाले जो कोनी ई त्याले आधी वाढजो, मंग तू उपास सोडजो." गाणं सुनेच्या हवाली करताना झुंबरबाईंनी घातलेली ही अट. दिपमालाने देव्हाऱ्यापुढे हात जोडून "हो" म्हटलं होतं. सासूबाई गेल्या, "हो" मागे राहिलं.

स्वार्थ वाईट, याबद्दल स्वार्थी माणसांतही दुमत नाही. म्हणूनच धुळ्याच्या आनंदबन कॉलनीचं महिला मंडळ दर श्रावणी सोमवारी सभागृहात दिपमालाच्या मागून हेच पाटलिणीचं गाणं म्हणतं. दुष्काळात दारी आलेल्या भुकेल्या म्हातारीला पाटलिणीने परत पाठवलं. म्हातारी देवी निघाली. मग:

दार लाई जेवे पाटलीन, म्हने "घरमा नही काही";
दारमांगे चिकटी गयी, पाल व्हईसन ऱ्हाई.

इथे भगिनींचे डोळे पाणावतात. मंडळाच्या पाहणीनुसार निम्म्या जणींना ही पाटलीण थेट आपली जाऊ वाटते, उरलेल्यांना नणंद. (स्वतःसारखी ती अद्याप कोणालाही वाटलेली नाही.)

गाण्यानंतर वरण-बट्टी, गंगाफळाची भाजी आणि खीर. इथेच अडचण उभी राहिली. सभागृहामागच्या बांधकामावरच्या बायका गाणं ऐकायला येऊ लागल्या. ऐकायला मंडळाची ना नव्हती. पण ऐकणाऱ्याला भूकही लागते, याचा खुलासा गाण्यात नव्हता. (गाण्यात दुसरं काहीच नव्हतं, हा भाग वेगळा.) दार लावावं तर पाटलिणीची गत, उघडं ठेवावं तर खिरीची.

अध्यक्षा लताबाईंनी तोडगा काढला. लाकडी दार काढून लोखंडी जाळीचं बसवलं. शिक्षा दार लावून जेवणाऱ्याला आहे. जाळीतून आरपार दिसतं, तेव्हा दार लावलं असं कोण म्हणेल? शिवाय पाल चिकटायला दारामागे आडोसाच उरत नाही. तरीही, श्रद्धेचा मामला म्हणून, पालींसाठी फवारणी करून घेतली.

या सोमवारी गाणं झालं, ताटं वाढली, आणि जाळीपाशी बांधकामावरची भिकुबाई येऊन उभी राहिली. केसांत सिमेंट, पोटाशी पदर.

"गानं गोड शे, माय. घासभर वाढशी का? सकायपाईन काई नही."

लताबाईंनी खिरीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. आवाज अगदी मायेचा.

"अक्का, आते काहीच नही शे हो."

भिकुबाई क्षणभर झाकणाकडे पाहत राहिली आणि वळून चालू लागली.

आढ्यावर पाल चुकचुकली. बायकांनी जमिनीवर बोटं टेकवून "कृष्ण कृष्ण" म्हटलं.

"बघा, खरं बोलल्याची खूण!" लताबाई म्हणाल्या. (आणि फवारणीवाल्याला हलक्या आवाजात शिव्या घातल्या.)

दिपमालाचा हात ताटावरून मागे आला. दिवसभराचा निर्जळ उपास होता आणि बट्टीवरचं तूप अजून पातळ होतं.

"लताताई, पातेलं तर भरलेलं आहे."

"अगं, एकीला दिलं की उद्या बठ्ठी वस्तीच्या वस्ती येईल. आपण गाणं म्हणतो ते कशासाठी? संस्कार म्हणून. तू घास घे बाई, पित्त होईल."

"मला नाही घेता यायचा. आधी ऐकणारीला वाढायचं, असा शब्द दिलाय."

"कोणाला?"

"सासूबाईंना."

"त्या तर गेल्या!" कोणीतरी म्हणालं, आणि हे म्हणणं सर्वांना पटलं.

दिपमाला ताट घेऊन उठली. मंडळाने तिचं तोंड भरून कौतुक केलं. "किती गुणाची बाई! अशी माणसं हवीत." कौतुक करता करता बट्ट्या कुस्करल्या गेल्या, कारण थंड बट्टी घशाखाली उतरत नाही.

तुम्हालाही दिपमाला आवडली असेल. जाळीच्या आतून ती सगळ्यांनाच छान दिसते.

तिने कडी काढली, ताटावर पदर धरला आणि बांधकामाच्या वाटेला लागली.