सर्फबोर्डाच्या पोटावरचा गृहस्थ

चित्रकला कठीण असते असं चित्रकार सांगतात. त्यांना सांगावंच लागतं. मी मात्र एका रविवारी बैठकीच्या खोलीतला सोफा भिंतीला सारला, मधोमध सर्फबोर्ड टाकला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत असं चित्र काढलं, की ते पाहून अख्खा समुद्रकिनारा उठून उभा राहिला! यात तिखटमीठ नाही. त्यातले काही जण पुढे पळालेही, पण ते नंतर.

आधी माझ्या हाती सर्फबोर्ड कसा आला ते सांगतो. मी एका फर्निचरच्या गोदामात मोजदाद करतो. कागदावर खुर्च्या किती, प्रत्यक्षात किती, हे जुळवून पाहायचं. खुर्च्या बोलत नाहीत. घरी आलं की घरच्याही बोलत नाहीत. बहिणीचं म्हणणं पडलं की मी जरा माणसांत मिसळावं. ती असले सल्ले फोनवर देते आणि नेमकी तेव्हाच तिच्या दाराची बेल वाजते. तर मी लाटांवर उभं राहायला शिकवणाऱ्या रविवारच्या वर्गात नाव घातलं आणि एक बोर्ड विकत घेऊन टाकला.

तिथले मास्तर भला माणूस, पण त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, बोर्ड राहतात. बोर्डावर कासव रंगवलेली मुलगी ही ‘कासव’. कवटी रंगवलेला दातांचा डॉक्टर हा ‘कवटी’. पाण्यात हाका याच नावांनी मारल्या जायच्या आणि मग बाहेरही तीच चालायची. वर्ग सुटला की “कवटी, येतोस का चहाला?” माझा बोर्ड कोरा पांढरा. मला मास्तर ‘अहो, तुम्ही’ म्हणत. आता ‘अहो, तुम्ही’ला चहाला कोण बोलावणार?

तेव्हा ठरवलं, बोर्ड रंगवायचा. लोक चित्र वरच्या बाजूला काढतात. ती चूक मी करणार नव्हतो. वरच्या बाजूला पाय घसरू नये म्हणून मेण फासतात, त्यावर पुन्हा आपण पालथे पडतो, म्हणजे चित्र झाकलेलंच. शिवाय मी धंद्यानं मोजदाद करणारा माणूस. माझा बोर्ड पाण्यात सुलटा किती वेळ असतो आणि उलटा किती वेळ, हे मला पक्कं ठाऊक होतं. चित्र खालच्याच बाजूला हवं!

काय काढावं? सूर्य, लाटा, मासे सगळ्यांकडे असतात. माझ्याकडे आहे काय, असा विचार केला, तर मीच होतो. बोर्डही माझ्याच मापाचा. त्यावर झोपायचं, कडेनं पेन फिरवायचं, आत रंग भरायचा. अडचण एकच, हे काम दोघांचं आहे. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं गिरवायचं. शेजाऱ्यांची बेल वाजवून “जरा मला गिरवता का?” असं विचारायला जीभ रेटेना. मीच झोपलो, मीच गिरवलं. उजवी बाजू झकास उतरली. डावीकडे हात उलटा पडल्यानं दंड खांद्यातून निखळल्यासारखा झाला. गुडघ्याखाली पेन पोचेना, तेव्हा पाय अंदाजानं काढले. ते पाण्यात विरघळत गेल्यासारखे दिसत होते.

चेहऱ्यासाठी नमुना म्हणून ओळखपत्रावरचा फोटो ठेवला. त्यात मी, ज्याला नुकतीच वाईट बातमी कळली आहे पण अजून पटलेली नाही, असा दिसतो. म्हणून वरून थोडं हसू काढलं. अंगाच्या रंगाची बाटली दुकानात नव्हती. दुकानदारानं गुलाबी आणि राखाडी पुढे केली, “मिसळा, जमेल” म्हणाला. जमलं ते जांभळट. रंगानंच त्याला कामावरचा निळा शर्ट चढवला, खिशाला पेन लावलं आणि सगळ्यावर चकचकीत लेप फवारला. थोडा लेप पायाला बांधायच्या पट्ट्यावर उडाला, तिकडे मी लक्ष दिलं नाही. मी चित्रापुढे बसून जेवलो. बऱ्याच दिवसांनी समोर कुणी तरी हसणारं होतं.

पुढच्या रविवारी चित्र अंगाशी धरून, कुणाला न दाखवता पाण्यात शिरलो. योग्य क्षणी दिसावं असा बेत होता. पहिल्याच लाटेला पडलो, इथवर सगळं बेताप्रमाणे झालं. पण लेपानं गुळगुळीत झालेला पट्टा पायातून सुटला आणि बोर्ड उलटा होऊन एकटाच निघाला. मी डोळ्यांतलं पाणी पुसून पाहतो, तर सगळा किनारा उभा! सगळे माझ्याकडे पाहून हात हलवतायत. आयुष्यात इतक्या माणसांनी मला कधी हात केला नव्हता. मीही केला. चांगला दोन्ही हातांनी केला.

समुद्रात दोन्ही हात हलवणं म्हणजे ‘वाचवा’, हे मास्तरांनी शिकवलं होतं म्हणे.

जीवरक्षकानं मला काखेत धरून बाहेर काढलं. कुणी टॉवेल गुंडाळला, कुणी हातात चहा दिला. दर रविवारी मोठ्या छत्रीखाली विणत बसणाऱ्या काकू होत्या, त्यांनी माझा दुसरा हात आपल्या हातात घेतला आणि सोडलाच नाही. मला वाटलं, काय ही माणसं! उगाच आपण इतके दिवस लांब राहिलो.

“धीर धरा,” काकू म्हणाल्या. “तो सापडेल.”

“कोण?”

“तुमचा भाऊ. मी डोळ्यांनी पाहिलं ना. निळा शर्ट, खिशाला पेन. अगदी तुमचाच तोंडवळा. अंग जांभळं पडलं होतं, पण हसत होता हो बिचारा.”

माझ्या डोक्यात उजेड पडला. पाण्यात गेला एक, दिसले दोन. आमच्या गोदामात याला वाढीव माल म्हणतात आणि तो लगेच कळवायचा असतो. पण तेव्हा चहा अर्धा उरला होता, काकूंचा हात उबदार होता आणि कवटी माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. म्हटलं, चहा संपला की सांगू. मग फार छोटे घोट घेतले.

तेवढ्यात जीवरक्षक खडकांकडे निघाला. तिथे पाणी वाईट, तो स्वतःच नेहमी सगळ्यांना तिथून हाकलतो. मग मात्र मी कप खाली ठेवला आणि ओरडलो, “थांबा! ते चित्र आहे!”

“हो हो, चित्रासारखाच होता,” काकू म्हणाल्या आणि बाकीच्यांकडे वळल्या. “असंच होतं. माझे दीर गेले तेव्हा सासूबाई दोन दिवस म्हणत होत्या, बाजारात गेलाय, येईल.”

जीवरक्षक माझ्यापुढे उकिडवा बसला. “आठवून सांगा. बरोबर कोण होतं?”

“कोणी नाही. मी एकटाच येतो.”

“घरी कोण असतं?”

“कोणी नाही.”

“मग कळवायचं कुणाला?”

बहीण आठवली, पण तिच्या दाराची बेलही आठवली. “तसं कुणालाच नाही,” मी म्हणालो. हे सगळं मी एका दमात, इतक्या लोकांसमोर कधी बोललो नव्हतो. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. “म्हणजे एवढा एक भाऊच होता. तोही गेला.”

जीवरक्षक उठला, आणि त्याच वेळी एका लाटेनं भाऊ आणून सगळ्यांच्या पायाशी ठेवला. उताणा, ओला, हसतमुख. पळणारे पळाले ते तेव्हा. मास्तर तेवढे पुढे गेले. त्यांनी अंगठ्यानं त्याच्या बरगडीत टकटक केलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

“हा बोर्ड कुणाचा?”

“माझा,” मी म्हणालो.

मग जे हसू फुटलं ते आवरेना. त्या हशात लोक पांगले. टॉवेलवाला टॉवेल घेऊन गेला. कवटी, कासव मंडळी चहाला गेली. जीवरक्षक हसला नाही, तो खडकांकडे पाहत बसून राहिला. त्याची मी माफी मागितली.

आता मास्तर रविवारी हजेरी घेतात, “कासव, कवटी, बुडालेला.” मी “हजर” म्हणतो. नाव मिळालं, नाही असं नाही. चहाचं अजून कुणी विचारलेलं नाही. बुडालेल्याला चहा देऊन झालाय, असं बहुधा त्यांना वाटत असावं.

काकूंना मात्र सगळं समजावूनही पटलेलं नाही. मी पाण्यातून आलो की त्या विणकाम बाजूला ठेवतात, छत्रीखाली थोडं सरकून जागा करतात आणि हळूच विचारतात, “भावाची फार आठवण येते का हो?”

दोन-तीनदा मी खरं सांगून पाहिलं. तेव्हा त्या मान हलवून पुन्हा विणायला लागायच्या.

आता मी म्हणतो, “येते कधीकधी.” आणि बसतो.