समोरच्या दाताचा कोपरा

रत्नागिरीत लिमये डॉक्टरांकडे दात भरायला गेलात, तर खुर्चीत बसण्याआधी तुम्हाला रस्त्यावर उभं राहावं लागे. माझा फोटो स्टुडिओ त्यांच्या दवाखान्याला लागूनच. माझ्याच पायरीवर ते पेशंटला उन्हाकडे तोंड करून उभं करत, रंग जुळवायला नमुन्याच्या दातांची पट्टी त्याच्या ओठाशी धरत आणि बजावत, "ओठ चाटा. कोरडा दात खोटं बोलतो!" दात वाळला की जास्त पांढरा दिसतो, त्यावर रंग ठरवलात की फसलात, हे मी इतक्यांदा ऐकलंय की उद्या मीही लोकांचे दात भरायला बसेन.

एकदा पूर्णगडचा एक खलाशी वैतागून म्हणाला, "डाक्टर, दात भरताव का मला बाजारात इकताव?" आत फोटोला बसलेलं माझं गिऱ्हाईक खो खो हसलं आणि फोटो हलला. मी दोन दिवस डॉक्टरांशी बोललो नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दाताच्या रंगाचं मटेरियल तेव्हा मुंबईहून दोन डब्यांत यायचं. दोन्ही लगदे एकत्र कालवले की घट्ट व्हायचं. डॉक्टरांना प्रत्येकात खोट दिसे. "हे चहानं पिवळं पडतं. ते झिजतं. हे आक्रसतं, मग कडेला काळी रेघ." तरी पेशंटला ते त्यातल्या त्यात बरं निवडून भरत.

राहिला होता तो घरचाच दात. विहिरीवर रहाटाचा दांडा निसटून डॉक्टरांच्या बायकोच्या, कमलवहिनींच्या, समोरच्या दाताचा कोपरा उडाला होता. "हिला असलंतसलं नाही भरायचं," डॉक्टर म्हणत. "जरा चांगलं येऊ दे." वर्षं गेली. नवं काही आलं की वहिनी विचारत, "हे तरी?" डॉक्टर डबा उजेडात धरून मान हलवत. मला संताप यायचा. अहो, बाईला हसायचं होतं! मी एकदा बोललोसुद्धा. तर वहिनीच मला म्हणाल्या, "असू दे हो भाऊजी. माझ्यासाठीच शोधतायत ना?"

मग ताप आला आणि आठ दिवसांत वहिनी गेल्या.

तेराव्यानंतर डॉक्टर घरातले फोटो पिशवीत घालून आले. भिंतीवर लावायला एक मोठा करून हवा होता. "हसरा बघा," म्हणाले. आम्ही काउंटरवर सगळे मांडले. मुंजीतले, बारशातले, गणपतीतले. प्रत्येकात वहिनींचे ओठ घट्ट मिटलेले, नाहीतर तोंडावर हात. अगदी तळाशी एक सापडला. त्यात त्या स्वतःला विसरून हसल्या होत्या. तुटका कोपरा स्पष्ट दिसत होता.

"ब्रशनं भरून देतो," मी पटकन म्हणालो. "पाच मिनिटांचं काम."

डॉक्टरांनी फोटोतल्या त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"पाच मिनिटांचंच होतं हो," म्हणाले, आणि दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, हुंदके देऊन रडायला लागले.

फोटो मी ब्रश न लावताच मोठा केला.