राणीसाहेबांचे गोठ मोडून नातवाचे वाळे ओतिले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी साक्ष. शके सतराशे तीन, प्लवनाम संवत्सर. ते साली राज्यात आबादानी होती, परंतु गोजराबाई राणीसाहेबांचे जिवास चैन नव्हती. कारण की, त्यांची एकुलती कन्या ठकूबाई ज्या दरबारी दिली, त्या दरबाराशी एका बुरुजावरून वैर पडिले, आणि माहेरचे पत्र नको, बोलणे नको, ऐसा तेथील हुकूम जाहला. मग बुरूज ढासळोन गेला, वैर मात्र उभेच, आणि लेकीचे तोंड दृष्टीस पडेना.

मग वार्ता आली की ठकूबाईंस पुत्र जाहला. आजोळचे बाळलेणे अडवू नये, ऐसा वैऱ्याघरीही रिवाज. मग राणीसाहेबांनी मनगटीचे रुप्याचे गोठ उतरिले. खजिन्यात दुसरे रुपे नव्हते ऐसे नव्हे. परंतु ठकूबाईंनी दात येते समयी हेच गोठ चावून खाचा पाडिल्या होत्या, आणि मोठेपणी त्यांवरून मायलेकींची थट्टा चाले, आणि लेक गेल्यावर राणीसाहेब रोज त्या खाचांवर बोट फिरवीत. ते गोठ रखमाजी ओताऱ्याचे हाती देऊन बोलिल्या, "माझे अंगावरचे रुपे तिचे लेकराचे पायी जाऊ दे."

मग रखमाजीने मेणाचे वाळे करून दाखवावयास आणिले, तेव्हा राणीसाहेबांनी एका वाळ्यावर हळूच अंगठा दाबिला. पत्र नाही तर नाही, लेक अंगठा तरी ओळखील, ऐसा भाव. मग मेणावर माती चढविली, भट्टीत मेण वितळोन गेले, आणि गोठ मुशीत पाणी जाहले, आणि खाचा गेल्या, आणि मेणाचे जागी रुपे ओतिले, तो अंगठा जैसाचा तैसा उतरला. रखमाजी कामाचा मोठा अभिमानी. त्यास वाटले आपलाच हात लागोन खोट राहिली; मग कानशीने साफ घासोन, लखलखीत वाळे घेऊन हसत हजर जाहला.

राणीसाहेबांनी वाळे उलटेपालटे पाहिले, बोटाने चाचपिले. "रखमाजी, माझा अंगठा रे?"

"सरकार, तो आपला होता? चुकलो. पुन्हा ओततो."

परंतु जासूद घोड्यावर बसला होता आणि बारशाचा मुहूर्त टळत होता. राणीसाहेब सर्वांदेखत रडिल्या, मग डोळे पुसोन तोच वाळा उरल्यासुरल्या दातांत धरिला आणि कडकडून चाविला. रुपे चोख, मऊ, खाच पडली. एक दातही हलला ऐसे म्हणतात.

जासूद ठकूबाईंचे देवडीवरूनच परतला, तो तेथील दासीचे बोलणे घेऊन आला. ठकूबाईंनी खाच पाहिली, बोट फिरविले, खदखदोन हसल्या, मग पदर तोंडात धरिला, आणि म्हणाल्या, "आईसाहेबांस सांगा, फिटंफाट जाहली."

येणेप्रमाणे वाळे पोहोचले. मायलेकींची भेट पुढे घडली नाही. राणीसाहेब रित्या मनगटावर बोट फिरवीत, ऐसे जवळची माणसे सांगत. ऐकिले ते लिहिले.