आमच्या गल्लीची टोनही

भिलाईच्या रिसालीतल्या आमच्या गल्लीत कोणाचं दूध नासलं की उमरेडकर काकू फाटकातूनच ओरडायच्या, "माझंच काम हाय ते!" वर्माजींची स्कूटर सुरू झाली नाही, तर काकूंनी तिच्याकडे पाहिलं म्हणून. ट्रान्सफॉर्मर उडाला, तर काकूंना शिंक आली म्हणून. आमचा कुकर बिघडला, तेव्हा मी कोणाला सांगायच्या आत त्या दारात. "काल तुह्या वरणाचा वास आला गं. नजर गेली माही."

इकडे चेटकिणीला टोनही म्हणतात. हरेली सणाच्या अमावास्येला ती घरात शिरू नये म्हणून दाराला कडुनिंबाची डहाळी बांधतात. बांधणाऱ्याचं स्टूल काकूच धरायच्या. "नीट बांध रे बाबू. मले आत येता नाही आलं पाह्यजे."

बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चहासुद्धा गल्लीत फिरत प्यायच्या. कप एकाकडे राहायचा, बशी दुसऱ्याकडे. काका स्टील प्लांटातून रिटायर होऊन वारलेले, मूलबाळ नाही. "बसलं का घर खाले उठते," म्हणायच्या.

एकदा मी वैतागून विचारलं, "काकू, कावून करता असं?"

"गल्लीले एक टोनही लागतेच बाई. मी नाही झाली, तर कोणाले करतीन?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आमच्याकडे आणि शेजारी भांडी घासायला सुखिया यायची. विधवा, अबोल. तिच्या गावानं तिला टोनही ठरवून तिचे केस कापले होते, म्हणून ती भिलाईत पळून आली होती. गल्लीत हे फक्त काकूंना माहीत होतं. पण असल्या गोष्टी मागोमाग चालत येतात. पावसाळ्यात शेजारच्या साहूंचा तान्हा गोलू तापानं फणफणला आणि कोणीतरी सुखियाच्या गावची गोष्ट काढली. दुपारी साहूंच्या फाटकाशी गर्दी जमली.

"इसी ने कुछ खिलाया है!" एकानं तिचा दंड धरला. सुखियानं दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर घट्ट धरला.

काकू अनवाणी धावत आल्या. "छोड़ उसको! बच्चे को मैंने देखा सुबह. मेरी नजर है. मुझे पकड़ो!"

कोणीतरी फिसकन हसलं.

"पकड़ो ना! टोनही कौन है, पूरी गली जानती है!"

पेन्शनवाल्या, पांढऱ्या केसांच्या बाईचा दंड कोण धरणार? त्या माणसाचा हात सैल पडला. काकूंनी सुखियाला आपल्या मागे ओढलं आणि गोलूच्या आजीवर खेकसल्या, "झाड़-फूँक बहुत हुआ. अस्पताल ले जाओ!" रिक्षाही त्यांनीच थांबवली.

डेंग्यू निघाला. गोलू बरा झाला. सुखिया आता काकूंच्याच मागच्या खोलीत राहते.

पण गल्लीचं हसणं तेव्हापासून थांबलं. काकू दिसल्या की गोलूची आजी त्याला पदराखाली घेते. परवा कोणाचं तरी दूध नासलं, तर काकूंच्या ओरडण्यावर नुसतीच दारं लागली.

काल त्या आमच्याकडे आल्या. इकडचं तिकडचं बोलल्या. निघताना हळूच म्हणाल्या, "साहूचा गोलू चालाले लागला का गं?"

"धावतो आता, काकू."

"पडते का?"

"पडतो कधी कधी."

"उचलत असतीन ना लवकर?" म्हणाल्या आणि निघाल्या.

साहूंचं फाटक आलं तसं त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. गोलू अंगणातच खेळत होता.