नेनेकाकांची स्नुखा

रियाधमध्ये आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नेनेकाकांना "काय चाललंय?" असं विचारायची सोय नाही. दीड हजार वर्षांपूर्वी काय चाललं होतं, तिथून ते सुरुवात करतात. पोटासाठी पेट्रोकेमिकल इंजिनिअर, पण वेड शब्दांच्या खानदानाचं. त्यातही एकाच शब्दाचं.

"स्नुखा!" लिफ्टची वाट बघतानाच ते सुरू होतात. "आद्य-स्लाव शब्द. लिहिलेला कुठेच सापडत नाही, नातवंडांच्या तोंडावळ्यावरून पंडितांनी बांधलेला. रशियनांची स्नोखा, बल्गेरियनांची स्नाहा, चेकांची स्नाखा, सगळी त्याचीच लेकरं. आणि संस्कृतातली स्नुषा त्याची चुलत बहीण. म्हणजे अगं मृणाल, आपली सून!"

मी मान डोलावते. माझी मुलगी "आजोबा, नॉट अगेन!" म्हणत जिन्याने पळते. इमारतीच्या इजिप्शियन राखणदाराचीही ही वंशावळ पाठ झालीय, काकांनी तोंड उघडायच्या आत तो "खलास, खलास!" म्हणतो. काका ढिम्म. "पुरावा नाही, पण वंशज आहेत ना!" हे त्यांचं पालुपद.

काकू गेल्या, एकट्या माणसाला काहीतरी चाळा हवा, असं मी धरून चालले होते. मुलाने बल्गेरियात तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि काका रागाने गेले नाहीत, एवढं कानावर होतं.

गेल्या महिन्यात ते तांदूळ मागायला आले. "माप भरायचंय. दोघं भारतात निघालीत, वाटेत रियाधला उतरून दुपारी घरी येतायत. तिची भाषा आपल्या नात्यातली निघाली गं, म्हटलं माणसंही निघतील."

माप कुठलं मिळायला! माझ्याच स्टीलच्या पेल्यात तांदूळ भरले. फ्लॅटला उंबरठा नव्हता, म्हणून काकांनी दाराच्या आत जमिनीवर चिकटपट्टी लावली आणि पेला तिच्यावर ठेवला. मग "उजवा पाय" हे बल्गेरियनमध्ये घोकत बसले.

दुपारी मुलाचा फोन आला. विमान उशिरा पोचलं होतं, पुढचं लगेच होतं. "पुढच्या वेळी नक्की, बाबा."

मी पेला उचलायला वाकले तर म्हणाले, "राहू दे." मी हात मागे घेतला.

पेला अजून तिथेच आहे. काका रोज ऑफिसला जाता-येता त्याच्यावरून पाय उंच उचलून जपून जातात. तिच्या आधी तो आपल्याच पायाने कलंडू नये, म्हणून.